मुंग्या, काका आणि बंद झालेली तिकिटं

वीकांताला सकाळी नऊच्या आत डोळे उघडायचे नाहीत, हा माझा नोकरीला लागल्यापासूनचा नियम. गेले पाच-सहा महिने तो दर रविवारी मोडतोय आणि त्याचं कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. मुंग्या!

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत बाईक लावायच्या जागेवर एक आंब्याचं झाड आहे. बिल्डरच्या हातून ते कसं वाचलं, देव जाणे. त्यावर हिरव्या पानांचे नारळाएवढे गोळे लटकलेले दिसतात. दोन वर्षं मी त्यांना पक्ष्यांची घरटी समजत होतो. मग एका सोमवारी हेल्मेट घालताना त्यातली एक रहिवासी माझ्या कॉलरमधून आत शिरली आणि रीतसर ओळख झाली. ठाण्यापर्यंत मान चोळत गेलो. संध्याकाळी परत आल्यावर मात्र झाडाखाली उभा राहिलो तो अंधार पडेपर्यंत.

या तांबड्या, लांब पायांच्या विणकर मुंग्या. शास्त्रीय नाव ओइकोफायला स्मॅरॅग्डिना. जिवंत पानं ओढून, शिवून घरटं करतात. दोन पानांमधलं अंतर एकीच्या आवाक्यातलं नसेल तर एकीच्या कमरेला दुसरी, दुसरीच्या कमरेला तिसरी असा साखळदंड करतात आणि सगळ्या मिळून पान खेचतात. पानं जवळ आली की बाकीच्या आतून अळ्या घेऊन येतात. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, अळीला येतं. मग अळी तोंडात धरून या पानावरून त्या पानावर, त्या पानावरून या पानावर. भिवंडीच्या मागावर धोटा फिरतो ना, तस्सं. घरातलं सगळ्यात लहान पोरही कामाला लावलेलं!

मला खरा रस होता तो कोण काय करतं यात. (धंद्याची खोड. झाडावरही मला रिसोर्स ॲलोकेशन दिसतं.) तर यांच्यात कामकरी मुंग्या दोन मापांच्या असतात. मोठ्या साधारण ८ ते १० मिलिमीटरच्या, धाकट्या त्यांच्या निम्म्या. खोडावरून खाली उतरून शिकार आणणाऱ्या, घरटं बांधणाऱ्या, मला चावणाऱ्या त्या मोठ्या. धाकट्या सहसा बाहेर दिसतच नाहीत. त्या आत अंडी-अळ्या सांभाळतात आणि गोड रस देणाऱ्या किड्यांची राखण करतात. म्हणजे गोठ्याचं खातंही त्यांच्याकडेच. वसाहतीच्या सीमेवरच्या घरट्यांमध्ये म्हाताऱ्या मुंग्या राहतात. शत्रू आला तर पहिला मार त्यांनी खायचा. बर्ट हॉलडोब्लर या जर्मन संशोधकाने १९८३ साली हे दाखवून दिलं. आपण सीमेवर तरुण पोरं पाठवतो, या आज्ज्या पाठवतात.

याच हॉलडोब्लरने १९७८ साली एडवर्ड विल्सनबरोबर या मुंग्यांच्या आफ्रिकेतल्या चुलत बहिणींचा अभ्यास केला होता. त्यांना मदतीला बोलावण्याच्या पाच वेगवेगळ्या पद्धती सापडल्या. खाणं सापडलंय, नवी जागा सापडलीय, घर हलवायचंय, शत्रू जवळ आहे, शत्रू लांब आहे, प्रत्येकाचा गंध आणि अंगविक्षेप यांचा मेळ निराळा. आमच्या हापिसात या पाचही गोष्टींसाठी एकच मेल येतो आणि विषयात "अर्जंट" लिहिलेलं असतं. असो.

एका रविवारी चहाचा कप घेऊन झाडाखाली उभा होतो, तर दुसऱ्या मजल्यावरचा चौथीतला एक पोरगा म्हणाला, "काका, या पानं कापतात ना? मी टीव्हीवर बघितलंय." (हो, मलाही आता काका म्हणतात.) मी त्याला सांगितलं की नाही रे, या शिवतात. पानं कापणाऱ्या वेगळ्या. त्या फक्त अमेरिका खंडांत असतात, आपल्याकडे नाहीत. तो "हां" म्हणून सायकल घेऊन गेला आणि मी घरी येऊन जालावर पानं कापणाऱ्या मुंग्या शोधत बसलो. दुपारचं जेवण चुकलं.

अट्टा नावाच्या या मुंग्या पानं खात नाहीत. पानांचे तुकडे वारुळात नेऊन, चावून त्यांचा लगदा करतात, त्यावर बुरशीची शेती करतात आणि ती बुरशी खातात. आता चारा आणायचा म्हटलं तर आपल्याला वाटतं, एक मुंगी जाते, पान कापते, घेऊन येते. पण अट्टांच्या काही जातींमध्ये झाडावर चढलेल्या मुंग्या फक्त कापतात आणि तुकडे खाली टाकून देतात. खाली दुसऱ्या मुंग्या ते ढिगातून उचलतात आणि वाटेला लागतात. मध्यम मापाच्या वाहतात, आणि अगदी चिमुकल्या त्या तुकड्यावर चढून चक्क फुकट प्रवास करतात. निदान दिसतं तरी तसंच. खरं म्हणजे एक बारीकशी माशी ओझं वाहणाऱ्या मुंगीच्या अंगात अंडं घालायला टपलेली असते, आणि हमालाचं तोंड पानात अडकलेलं. ती वर बसलेली चिमुकली त्या माशीला हाकलायला असते. वारुळात पोचल्यावर पान बारीक करणाऱ्या वेगळ्या, मळ्यात लावणाऱ्या त्याहून लहान. एका हिरव्या तुकड्याला किती हात लागले, मोजा.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचा प्रकार मुंग्यांत नाही, वाळवीत आहे. येऊरच्या जंगलात गेलात तर मातीची उंच वारुळं दिसतील. ती या वाळवीची, आणि आत बुरशीचे मळे असतात. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ती त्याच मळ्याची. वाळवी ही मुंगी नव्हेच, तिचं नातं झुरळाशी. पण तिथेही कामाची वाटणी आहे. वयस्क कामकरी बाहेरून लाकूडपाला आणतात आणि तरुण कामकरी तो खाऊन, अर्धवट पचवून मळ्यावर पसरतात. झुरळाच्या नातलगांनी आणि मुंग्यांनी, दोन वेगळ्या खंडांत, एकमेकांना न विचारता शेतीचा शोध लावला आणि दोघांनाही साखळी करावी लागली.

इथपर्यंत सगळं गंमत म्हणून वाचत होतो. पुढे जे वाचलं त्याने मात्र घास अडकला.

पान कापणं हे मुंगीच्या दातांचं काम (दात म्हणजे जबड्याची धार). नव्या मुंगीची धार ब्लेडसारखी असते. पानं कापून कापून ती झिजते. मुंगीला नवे दात येत नाहीत. रॉबर्ट स्कोफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एक निबंध छापला. धार गेलेल्या मुंगीला तेच पान कापायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. मग ती काय करते? कापणं सोडते आणि वाहायला लागते. सगळ्यात जास्त झिजलेल्या दहा टक्क्यांच्या आसपास मुंग्या जवळपास फक्त हमालीच करत होत्या. पाय तर शाबूत आहेत ना!

आणि मला आमचे काका आठवले.

आमच्या टीममध्ये अकरा जण. सगळ्यात मोठे काका, वय ५२. नाव वेगळं आहे, पण सगळे काकाच म्हणतात. हापिस ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूला. काका कल्याणहून येतात, म्हणजे त्यांना बसायला मिळतं, आणि मी डोंबिवलीला गाडीत घुसलो की ते सरकून मला चौथी सीट देतात. चौथी सीट म्हणजे काय असतं ते मध्य रेल्वेवाल्यांना सांगायला नको. अर्धं बूड बाकावर, अर्धं देवाच्या भरवशावर. पण ती देणारा माणूस लक्षात राहतो.

गेल्या वर्षी अप्रेझलला मला पहिल्यांदाच टीमची क्रमवारी लावायला सांगितली. एक्सेल शीट, अकरा ओळी, शेवटच्या ओळीत कोणीतरी असलंच पाहिजे असा नियम. मी इंजिनीअर माणूस, भावना बाजूला ठेवल्या, विदा काढला. कुणी किती तिकिटं बंद केली? पोरांचा सहा महिन्यांचा आकडा पंचविसाच्या वर-खाली. काकांचा ९. नवा कोड लिहायला त्यांना वेळ लागतो, नवं फ्रेमवर्क डोळ्यांसमोर नाचतं, हे मलाही दिसत होतं. अकराव्या ओळीत काकांचं नाव टंकलं. बोनसमध्ये फरक पडला. मी मीटिंग रूममध्ये बसवून त्यांना आकडा सांगितला, तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला सरकून जागाही दिली.

नंतर काय झालं ते मला तब्बल सहा महिने कळलं नाही.

काकांचा आकडा वाढायला लागला. छान वाटलं, म्हटलं फीडबॅक पोचला! ते रिपोर्टमधल्या कॉलमची रुंदी, स्क्रीनवरचं एखादं लेबल, एखादी तारीख उलटी छापली जाते ती सुलट करणे, असली तिकिटं सकाळी आल्या आल्या उचलायचे आणि चार दिवसांत पाच बंद करायचे. आणि टीममध्ये "काकांना विचार" हे वाक्य ऐकू येईनासं झालं. पूर्वी कुणीही खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ जायचं आणि ते अर्धा तास देऊन सांगायचे, या टेबलला हात लावू नकोस, महिनाअखेरचा जॉब यावरून चालतो. आता कुणी गेलं की ते शांतपणे म्हणायचे, "तिकीट टाक." रागाने नाही हां. खरंच, अगदी नीट.

मार्चअखेरीला एका पोराने एका कॉलमची लांबी बदलली. दिसायला साधा बदल. महिनाअखेरचा जॉब रात्री पावणेबाराला अडकला. आम्ही चौघं पहाटे तीनपर्यंत तो निस्तरत होतो, आणि पहिली गाडी धरून मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं, तुम्ही पाहिला होता का हा बदल? म्हणाले, "पाहिला असता तर सांगितलं असतं. पण रिव्ह्यू माझ्या नावावर नव्हता." तो कधीच कुणाच्या नावावर नव्हता. आधीची सगळी वर्षं ते नावावर नसताना पाहत होते, एवढंच.

म्हणजे आमची धार गेलेली मुंगी आपणहून हमालीला लागली होती. पोरांनी कापलेली पानं घरापर्यंत सुखरूप पोचवत होती. आणि मी तिला बसवून सांगितलं की तू फार कमी कापतेस. मग ती बिचारी बोथट दातांनी कोवळी कोवळी पानं निवडून कापायला लागली. मुळात चूक तिची नव्हती. मी चाऱ्याचं काम म्हणजे फक्त कापणं असं धरलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग मुंग्यांमध्ये हे मोजतं कोण? कुणीच नाही. राणी आज्ञा देत नाही, ती अंडी देते. २०१२ साली स्टॅनफर्डमध्ये मुंग्यांच्या अभ्यासक डेबोरा गॉर्डन आणि नेटवर्कवाले बालाजी प्रभाकर यांनी दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांवर काम केलं. बिळातून नव्या मुंग्या किती वेगाने बाहेर पडतात ते, दाणे घेऊन परत येणाऱ्या किती वेगाने येतात यावर ठरतं. आल्या पटापट, तर आणखी सुटतात. येणं मंदावलं, तर सुटणंही मंदावतं. नेटवर्कवाल्यांनी ओळखलं असेल, हे आपलं टीसीपी. पाकीट पोचल्याची पोच आली की पुढचं पाठव, पोच उशिरा आली तर हात आखडता घे. पण मुंगीला मिळणारी पोच ही खऱ्या दाण्याची असते. दाणा घरात आला तरच ती पोच. आमच्याकडे मी दाणे न मोजता किती वेळा कुणी बाहेर गेलं ते मोजत होतो. खोटी पोच दिली तर नेटवर्क कोसळतं हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पेपरात दहा मार्कांना लिहिलंही होतं.

आता लगेच "मुंग्यांकडून शिका" असं मी म्हणणार नाही. त्यांच्यात दया वगैरे काही नसतं. झिजलेल्या मुंगीला कुणी मानाने वाहतुकीच्या खात्यात बदली देत नाही, आणि आज्जीला सीमेवर पाठवतात ते तिचं उरलेलं आयुष्य कमी म्हणून तोटाही कमी, एवढ्याच हिशोबाने. अशा हापिसात मी तरी काम करणार नाही. मला एवढंच दिसलं की इतक्या निष्ठुर हिशोबातही वाहणारी मुंगी फुकट बसलेली धरलेली नाही.

फुकट बसलेल्यांचीही एक गोष्ट आहे. ॲरिझोना विद्यापीठात डॅनियल शारबोनो आणि ॲना डॉर्नहाउस यांनी एका चिमुकल्या जातीच्या मुंग्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन त्यांच्यावर नजर ठेवली. सुमारे ४० टक्के मुंग्या बहुतेक वेळ नुसत्या बसून! मग त्यांनी सगळ्यात कामसू २० टक्के मुंग्या काढून टाकल्या. आठवडाभरात बसलेल्यांतल्याच उठून त्यांच्या जागी कामाला लागल्या. हा निबंध २०१७ चा. म्हणजे त्या राखीव होत्या.

हे वाचलं आणि मला आमच्याकडे पुढे काय झालं असेल याचा अंदाज आला. काका वाहायचे थांबले, पण मार्चनंतर तसा घोळ पुन्हा झाला नव्हता. का बरं? तर मी मागच्या रविवारी सहा महिन्यांचे मेल, चॅट, कोडवरचे शेरे सगळं उघडून बसलो. उत्तर दुपारी चारला सापडलं. बदलापूरहून येणारी एक मुलगी आहे, दीड वर्षाचा अनुभव. पहाटे तीनपर्यंत थांबलेल्या चौघांत ती होती. तिने त्यानंतर कुणी न सांगता महिनाअखेरच्या जॉबची सगळी टेबलं एका पानावर लिहून काढली होती आणि प्रत्येकाचा बदल त्या पानाशी ताडून पाहत होती. ओझं जमिनीवर पडलं होतं, तिने उचललं.

आणि या वर्षीच्या शीटमध्ये, तिकिटांच्या आकड्यांनुसार, काका तिसरे होते. अकरावी ती.

खरं सांगतो, थोडा वेळ हसलो. मग लॅपटॉप बंद करून झाडाखाली जाऊन उभा राहिलो.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "यार, मला पटतंय, पण शीटमध्ये त्याला कॉलम नाही." मग मी जे आम्ही लोक करतो तेच केलं. कॉलम नाही तर ओळी घालू. रविवार-सोमवार रात्री बसून सहा महिन्यांतला प्रत्येक रिव्ह्यू, प्रत्येक "या टेबलला हात लावू नकोस", ज्याने केलं त्याच्या नावावर तिकीट म्हणून नोंदवला. तिचे ४१ निघाले. मग मागच्या वर्षीचेही काढले, ज्यांचा आता काही उपयोग नव्हता. काकांचे ६८.

हा काही रामबाण उपाय नव्हे, हे मलाही कळतं. पुढच्या वर्षी कुणीतरी रिव्ह्यूंचे आकडे फुगवायला लागेल. जे मोजाल ते वाढतं, दाणे वाढतीलच असं नाही. आणि शेवटच्या ओळीत कुणीतरी लागतंच, ते या वर्षी कोण, हे मंगळवारी मी कसं भरलं ते इथे सांगत नाही. तोही माणूसच आहे.

शुक्रवारी ठाण्याहून परतताना काका आणि मी एकाच डब्यात चढलो. कळवा गेलं, मुंब्रा गेलं, दोघेही उभे, मध्ये कुणाची तरी बॅग. म्हटलं आता बोललो नाही तर डोंबिवली येईल.

"काका, गेल्या वर्षी ते शीट मी चुकीचं भरलं होतं."

"हं."

"या वर्षी मोजून काढलं. तुमचे ६८ निघाले. गेल्या वर्षीचे."

ते खिडकीकडे बघत होते. दिवा येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते मोजायला तुला किती वेळ लागला?"

"दोन रात्री."

"त्याचं तिकीट टाकलंस?"

मी हसलो. ते नाही हसले. जरा वेळाने म्हणाले, "घरी सांगितलं नव्हतं मी. बोनस कमी आला तर म्हटलं, सगळ्यांचाच कमी आलाय." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. डोंबिवली आली, लोंढ्याने मला बाहेर काढलं.

सोमवारी सकाळी नेहमीची गाडी आली. काका खिडकीपासून तिसरे. सरकले. मी बसलो. बदलापूरची मुलगी दुपारी त्यांच्या टेबलाशी खुर्ची घेऊन गेलेली मला लांबून दिसली, हातात ते पान होतं. काकांनी चष्मा वर केला, पान जवळ धरलं आणि पेनाने त्यावर काहीतरी खोडलं. तिकीट टाक म्हणाले नाहीत. अर्धा तास ते दोघं तिथेच होते. मी ते कुठेही नोंदवलं नाही.

आता उठतो. झाडावर खालच्या फांदीला नवं घरटं चाललंय, साखळी कालपासून लागलीय, आज पान जवळ येईल असं वाटतंय.